अनारशांची साक्ष

नशिराबाद,
शुक्रवार

आदरणीय व्याही रुपचंद आबा यांस,

चिंधा महाजनचा हात जोडून नमस्कार. आपण आणि विहीणबाई धुळ्यात सुखात असाल, अशी प्रार्थना मी रोज पूजेच्या शेवटी करतो. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सर्व ठीक आहे. (हे मी सवयीने लिहिले. पत्र पुरे होईपर्यंत ते खरे राहते का, ते पाहावे.)

अधिक महिन्याच्या जेवणाला बोलावलेले आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई योगराजराव, एकटेच धुळ्याला परतले आणि आमची लेक भूमिका इथेच राहिली. मामींच्या (म्हणजे आमच्या मंडळींच्या) जेवणाने पोट बिघडले, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचे कळले. आबा, पोट उत्तम होते. हकीकत वेगळी आहे आणि ती सांगणे माझ्या जिवावर आले आहे.

रविवारी सकाळी आम्ही त्यांचे पाय धुतले, टिळा लावला, तेहेतीस अनारशांचे ताट समोर ठेवले. या महिन्यात मुलगी आणि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, असे आम्ही मानतो. (मी तर मनापासून मानतो, घोळ तिथेच झाला.) दुपारी त्यांना भुसावळच्या एका वर्गमित्राची आठवण झाली. माझ्या गाडीने आम्ही दोघे गेलो. ते आत बसले, मी ओट्यावर नामस्मरण करत बसलो. माझे नामस्मरण भरपूर झाले, म्हणजे त्यांचेही आत भरपूर झाले असणार. बाहेर आले ते फार सरळ चालत. इतके सरळ शुद्धीतला माणूस चालत नाही.

मी किल्ली घेऊन गाडीकडे निघालो, तर म्हणाले, "मामा, द्या इकडे. सकाळी पाय धुतले आणि आता किल्ली देत नाही?" आता काय बोलावे? ज्या पायांचे तीर्थ घेतले, ते ब्रेकवर नीट पडतील का, असे विचारायला जीभ रेटेना. नारायणाला नाही कसे म्हणायचे, म्हणून किल्ली दिली. पुढे नाक्यापर्यंत जी देवाची आठवण मला झाली, तशी चाळीस वर्षांच्या पूजेत झाली नव्हती.

नाक्यावर पोलीस उभे होते. हवालदाराने यंत्र पुढे केले. योगराजरावांनी इतके हळू फुंकले की समोर समई असती तरी विझली नसती. "जोरात, पाहुणे! पोराचा फुगा फुगवता तसं!" यंत्र ओरडले. मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही घेता?"

"साहेब, या महिन्यात मी कांदासुद्धा खात नाही."

"मग किल्ली याच्याकडे कशी?"

"साहेब, अधिक महिना आहे. हे जावई."

हवालदारांनाही सासऱ्यांचे बोलावणे होते म्हणे, पण रजा मिळत नव्हती. तरी त्यांनी सोडले नाही. दवाखान्यात नेऊन रक्त घेतले आणि वाटेत मला कायदा समजावला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत. लायसन्सही काही काळ जाऊ शकते. जागेवर मिटत नाही, न्यायाधीशांसमोरच जावे लागते. आणि म्हणाले, "काका, जाणूनबुजून किल्ली देणाऱ्यालाही हीच शिक्षा होऊ शकते." सासरा आणि जावई यांना एका पंक्तीला बसवणारे मी आयुष्यात एवढेच पाहिले. (घरी गाडी मी चालवत आणली. नारायण मागे झोपले होते.)

सोमवारी सकाळी योगराजरावांना युक्ती सुचली. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, म्हणजे ते आंबतात, म्हणजे दोष अनारशांचा! मी आणि मंडळींनी कोर्टात शपथेवर तसे सांगावे, म्हणजे त्यांची खतांच्या कंपनीची गावोगाव गाडीने फिरायची नोकरी वाचेल. आमची मंडळी माहेरच्या बोलीत एवढेच म्हणाली, "मन्हा अनारसा आंबेल शेत, आसं कोर्टमा सांगू का?" (माझे अनारसे आंबलेले आहेत, असे कोर्टात सांगू का?) आणि परात आपटली. मीही नाही म्हणालो. आबा, जावयाला मी आयुष्यात प्रथमच नाही म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणणे सोपे गेले असते, पण योगराजराव ऐकायला थांबले नाहीत. साक्ष देणार नसाल तर मुलगी ठेवा, असे म्हणून एस.टी.त बसले.

मुलीने माहेरी जास्त दिवस राहावे, याचा आनंद बापाला व्हायला हवा. मला होत नाही. ती हसत नाही, आणि आम्ही दोघे तिच्यासमोर उगाच हसत असतो.

आपण मनात काही धरू नये. विहीणबाईंना नमस्कार.

आपला नम्र,
चिंधा महाजन

ता. क. विनंती लिहायची राहिली, खरे तर तिच्याचसाठी पत्र. मंगळवारी जळगावच्या कोर्टात तारीख आहे. योगराजरावांनी गुन्हा कबूल करावा, एवढे आपण त्यांना सांगावे. ते एकटे उभे राहणार नाहीत. किल्ली मी दिली, हे मीही सांगणार आहे. रागावलेली आमची मंडळी डबा घेऊन येणार आहे. डब्यात अनारसे नसतील.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी भूमिकेने वाचले. मला न विचारता तिने दार लावून धुळ्याला फोन केला. आतून नवऱ्याचे नाव नुसते, 'राव' न लावता, तीनदा ऐकू आले. बाहेर येऊन म्हणाली, "नाना, कबूल करतोय तो. आणि मला न्यायला येतोय." तेव्हा वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. तिसरा. भूमिकेचे शिकाऊ लायसन्स आले आहे. जावयांचे लायसन्स गेले तर आता ती स्वतःच गाडी चालवणार, म्हणते. धुळ्यापर्यंत माझी गाडी भूमिकाच आणील. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवालाच बसावा, असा कायदा आहे, म्हणून पुढे मी असेन. आपले चिरंजीव मागे बसतील, मांडीवर तिची बॅग घेऊन. आम्ही फार हळू येऊ. जेवायला थांबू नये.