जाळ्या बुजवायच्या आहेत

बाबा, भिंतींतल्या तुमच्या जाळ्या बुजवाव्या लागतील असं दिसतंय. आईच्या खोलीत एसी बसवायचा विचार आहे, आणि एसीचं न् तुमच्या जाळ्यांचं जमत नाही. तुम्ही असतात तर हा विचार पहिल्या वाक्यालाच संपला असता. तुम्ही नाही, आणि त्याला आता इतकी वर्षं झाली की कॉलनीतल्या नव्या लोकांना हे घर संस्कृतवाल्या मॅडमचं म्हणून माहीत आहे, तुमचं म्हणून नाही. तेव्हा निर्णय माझ्याकडे आला. मला त्याची सवय नाही. मी आयुष्यभर मुलांना दुसऱ्यांनी केव्हाच ठरवून ठेवलेले नियम पाठ करायला लावले.

गोष्ट आईच्या छातीची आहे. गेल्या मे महिन्यात तिला इतका दम लागायचा की मोरीतून पलंगापर्यंत येताना ती मध्येच भिंतीला टेकून उभी राहायची आणि आपण कॅलेंडर बघतोय असं दाखवायची. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला आणि आधी कूलर बंद करायला सांगितलं. कूलरची ओल तिला सोसत नाही, आणि कूलरशिवायचा नागपूरचा मे कोणालाच सोसत नाही. “एक तर खोली थंड आणि कोरडी ठेवा, नाही तर उन्हाळाभर यांना कुठेतरी थंड ठिकाणी न्या,” असं त्या म्हणाल्या. थंड ठिकाण म्हणजे धाकट्याचा पुण्यातला फ्लॅट. तो फोनवर म्हणतो, “ताई, आण तिला इकडे. लिफ्ट आहे, हवा आहे.” आई म्हणते, “मी गेली तं वापस नाही येत मंग. मले माहीत आहे.” मलाही माहीत आहे. उन्हाळ्यापुरती म्हणून मुलांकडे गेलेली या वयाची माणसं आपल्या गल्लीत कशी परत येतात, ते मी पाहिलं आहे. त्यांची घरं विकायला काढताना फक्त मुलं येतात. म्हणजे प्रश्न एसीचा नाहीच. आई या घरात राहते की नाही, हा आहे.

आता हे यंत्र तुम्हाला समजावून सांगते, म्हणजे निदान माहितीअभावी रागावू नका. अर्धं खोलीत भिंतीवर, अर्धं बाहेर, आणि दोघांच्या मधे नळी जाण्यापुरतं एक भोक. तुमच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमच्या छतातून पत्र्याचे मोठे बोगदे गेलेले होते, तसलं काही लागत नाही. तुम्ही मला एकदा तिथे नेलं होतंत. कामगारांच्या घरच्यांना आत येऊ द्यायचे, तो दिवस होता. बॉयलरकडून आपण चालत येतो, माझी वेणीसुद्धा तापलेली, आणि तुम्ही ते जड दार ढकलता. आत पौष महिना. मी आत शिरले, तुम्ही उंबरठ्यावरच थांबलात. मी विचारलं, तुम्ही इथे का नाही बसत? “हे थंडी माणसायसाठी नाही वं, मशीनायसाठी आहे,” तुम्ही म्हणालात, अगदी खुशीत, जणू ही सोय तुम्हीच केली होती. संध्याकाळी घरी आलो तर लाइन गेलेली. तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला वीज पाठवायचात आणि आपल्याकडे कंदील पुसायचात. त्यात तुम्हाला विनोद दिसायचा. आईला दिसायचा नाही.

आणि जाळ्या. या घराची एकेक खोली बांधताना तुम्ही समोरासमोरच्या भिंतींत, छताला लागून, सिमेंटच्या जाळ्या बसवून घेतल्या. गवंडी म्हणाला होता, “कबुतरखाना बनवून राहिले का, भाऊ?” तुमच्या त्या खेळत्या हवेबरोबर मे महिन्यात झळा खेळायला यायच्या, धूळ यायची, मंगल कार्यालयातला बँड तर न बोलावता यायचा. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी माझ्या खोलीतली जाळी पुठ्ठ्याने झाकून टाकली. तुम्ही ड्युटीवरून येता, चपला न काढता स्टुलावर चढता आणि पुठ्ठा ओढून काढता. “काहून वं? कोंडून काहून घेतलं स्वतःले?” मी अभ्यासाचं कारण सांगितलं. तुम्ही स्टुलावरूनच, माझ्याकडे न बघता बोललात, “आमच्या खोलीले खिडकी नोती. धूर जायले जागा नोती. माही माय तिथंच खोकू खोकू मेली.” माझ्या आजीचं एवढंच चरित्र मला ठाऊक आहे. त्यानंतर कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मी विचारला नाही. खाली उतरल्यावर मात्र म्हणालात, संस्कृतात याले काय म्हणते? ज्या भाषेपासून आपल्या लोकांना लांब ठेवलं तीच शिक, म्हणून तुम्हीच मला त्या वर्गात बसवलं होतंत; वसुली चालू असायची. मी सांगितलं, वारा लागतो ती जागा प्रवात, लागत नाही ती निवात. “मंग आपलं घर पहिलं,” असं म्हणून तुम्ही हात धुवायला गेलात. पुठ्ठा मी पुन्हा लावला नाही.

तर अशा घरात एसी बसतो का, हे पाहायचं होतं. त्याआधी आईला तो मानवतो का, ते पाहायला हवं होतं. म्हणून होळी झाल्यावर एका दुपारी तिला मनीषनगरला मामेबहिणीकडे नेलं. तिथे बेडरूममध्ये पडदे ओढलेले, एसी चालू, आई खुर्चीत पदर गुंडाळून बसलेली. श्वास चांगला चालला होता, मी छातीकडेच बघत होते. आम्ही दोघी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि परत येऊन पाहतो तर आईने समोरची खिडकी सताड उघडली होती, दारही उघडून त्याला चप्पल लावून ठेवली होती. बहीण ओरडली, “आत्या! काय करून राहिली वं? सगळी थंडी गेली ना बाहेर!” आई तिच्याहून चकित. “हवा जायले जागा नको का? नाही तं दमट नाही होत का?” उभा जन्म कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवण्यात गेलेला. नागपूरच्या माणसाला तेवढं शास्त्र जन्मजात येतं, आणि नेमकं तेच इथे चुकीचं होतं. बहीण हसून हसून बेजार झाली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, ही बंद खोलीत टिकायची नाही, आणि मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

तरीही एसी बसवणारा माणूस बोलावला. तो आला, भिंतींवर थापट्या मारल्या, छताकडे पाहिलं. “वरून स्लॅब तापते, हे भिंत पश्चिमेची. दीड टनाचा लागन, मॅडम. लहान घेतला तं तो बिचारा हाफूनच मरन.” मीटरपासून वेगळी वायर ओढायची, बाहेरचं धूड मागच्या भिंतीवर मोरीच्या वर टांगायचं, त्याचं पाणी पेरूच्या आळ्यात सोडायचं. थंड होणार ती एकच खोली. बाकीच्या घराने आपापलं बघायचं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने वर बोट दाखवलं. “हे जाळ्या पॅक करा लागते. नाही तं पूर्ण कॉलनीले थंडी देऊन राहाल तुम्ही.” मी म्हटलं, काच लावली तर? “लावा ना. पण फटी राहते. विटाच भरून टाका.” मी म्हटलं, विचार करून सांगते. “करा विचार. पण एप्रिल लागला का मले फुरसत नाही राहत, मग मोठ्या आवाजात बोलू नका फोनवर.”

तो गेल्यावर मी आईसमोर बसले. ती पोह्यातले खडे निवडत होती. मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं: बाबांचा आग्रह आपल्याला समजतो, पण काळ बदलला, वगैरे. ती नको म्हणेल असं गृहीत धरूनच बसले होते. माझं बोलणं निम्म्यावर आलं तेव्हा तिने मान वर केली.

“बुजवून टाक.”

“आई, बाबांच्या जाळ्या आहेत त्या.”

“बाबाच्या कायच्या? बाबानं लावल्या. पुसल्या कोणं?”

मग तिने सांगितलं, एकेक खडा बाजूला काढत. रोज सकाळी तुम्ही ड्युटीवर गेलात की ती स्टूल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची, ओला फडका घेऊन. जाळीच्या प्रत्येक घरात बोट घालून पुसायचं. “फडका काळा निघे. तुह्या बाबाच्या प्लांटच्या चिमणीची राख होती का रस्त्याची धूळ, मले काय मालूम. नाकातोंडात जाये. एक डाव बोलली मी त्यायले. ते म्हणे, हवा पाहिजे. मी म्हटलं, बरं.”

“पुन्हा कधी बोलली नाहीस?”

“काहून बोलू? त्या माणसानं मायले तसं मरताना पाहिलं होतं.” आणि खोकला आला म्हणून तिने पोह्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

ती राख होती की धूळ, आणि त्या फडक्याचा तिच्या छातीशी काही संबंध आहे का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. बाबा, तुम्ही एका बाईच्या खोकल्यासाठी भिंतींना भोकं पाडलीत, यात तुमची चूक काय? काहीच नाही. मी कितीदा तरी उलटसुलट लावून पाहिलं. चूक निघत नाही, आणि आईचा दमही कमी होत नाही.

इथवर लिहून हे पान पडून राहिलं. मध्ये गवंडी येऊन गेला, तो एसीवाला माणूसही. जाळ्या बुजल्या, त्यावर प्लास्टर झालं. खोलीत दुपारी जो उजेडाचा चौकड्यांचा तुकडा फरशीवर सरकत जायचा तो आता नाही. पांढरं यंत्र भिंतीवर बसलंय आणि आई त्याच्याखाली शाल पांघरून असते. सुरुवातीला तिने दार दोनदा उघडून पाहिलं, मग दमट होत नाही याची खात्री पटल्यावर तिनेच ते लावून घ्यायला सुरुवात केली. मोरीपासून आता ती न थांबता येते. पुण्याची गोष्ट निघत नाही. धाकटा म्हणाला, “चला, बरं झालं,” आणि त्याच्या आवाजात बरंच काही होतं, पण सुटका जास्त होती.

तिच्या आणि माझ्या खोलीच्या मधल्या भिंतीतही तुमची एक जाळी होती. तीही भरून घ्यावी लागली, त्या माणसाने फट म्हणून ठेवू दिली नाही. त्या जाळीतून मला तिचा खोकला ऐकू यायचा. तो कोरडा आहे की ओला, किती वेळ चालला, थांबल्यावर तिने पाण्याचा तांब्या उचलला की नाही, सगळं. मी इकडे पेपर तपासत असायचे आणि कान तिकडे असायचे. आता मी दार उघडून विचारते, “खोकला आला होता का?” ती म्हणते, “नाही वं. दार लाव, थंडावा चालला.” मी लावते.

हे तुम्हाला पाठवायची सोय असती, तर मी हे सगळं पाठवलं असतं, फक्त ही शेवटची ओळ फाडून घेतली असती: ती खोकते की नाही हे आता मला कळत नाही, आणि दुपारची मला गाढ झोप लागते.