मामा, तुमचं घड्याळ पुढं पळत होतं

प्रिय मामा,

आज सकाळी आत्तींच्या मनगटावरच्या तुमच्या घड्याळात आणि दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळात एकच वेळ दिसली. गेला आठवडाभर रोज पडताळून बघतेय, आज खात्री झाली. "मामा, जमलं बघा!" म्हणायला मान वळवली, तर तुमच्या स्टुलावर कुणा गिऱ्हाइकाची पिशवी.

म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? नवऱ्याला फोन केला, तर तुमचा हा लेक फलटणच्या कारखान्यातून ओरडून म्हणाला, "बरं झालं! सेल बदललास?" किल्लीच्या घड्याळात सेल! तुमच्या पोटी जन्माला येऊन!

तुम्ही म्हणायचात ते खरंच आहे, "सुरेशचा हात पान्याचा हाय, चिमट्याचा न्हाई." पण माझा हात चिमट्याचा आहे हे तुम्ही कसं ओळखलंत? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सोप्यात बसून गळ्यातल्या साखळीचा गुंता सोडवत होते. तुम्ही पाणी प्यायला आलात आणि तांब्या हातात धरून नुसते बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी आत्तींना म्हणालात, "हिला दुपारची दुकानात धाडत जा."

माण तालुक्यातल्या, शेरडं राखणाऱ्या घरातली मी. विट्याच्या पेठेत सून सासऱ्याशेजारी डोळ्याला भिंग लावून बसते, हे बघायला लोक चालती घड्याळं दुरुस्तीला घेऊन यायचे! तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. फक्त माझं टेबल मागच्या भिंतीपासून उचललंत आणि उजेडाला, दारापाशी आणून ठेवलंत. मामा, माझ्या वडिलांनीही माझ्यासाठी असं काही केलं नव्हतं. ते मुंबईला असायचे. करायचं म्हटलं तरी कधी करणार?

तुम्ही गेलात तेव्हा आत्तींनी तुमच्या हातातलं घड्याळ काढून स्वतःच्या हातात घातलं. मी पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं, तरी ते कोपराकडं घसरतं. रोज अंघोळ झाली की तुमच्यासारखीच किल्ली देतात. पण काटे मात्र हलवत नाहीत. "काटं त्यांनी लावल्यात. मी हात लावायची न्हाई."

आणि ते घड्याळ पळायला लागलं. रोज थोडंसंच, पण ते साठत गेलं. अंगणात ऊन असताना आत्ती देवापाशी दिवा लावायच्या. सुरेश सुट्टीला येणार असला की स्टँडवर कितीतरी आधी जाऊन उभ्या राहायच्या, आणि वर "हल्ली गाड्या लय उशिरा येत्यात" म्हणून कंट्रोलरशी भांडायच्या. आम्ही हसायचो.

मग एका दुपारी त्यांनी घड्याळ बघून शुगरची गोळी घेतली. जेवण व्हायला अजून अवकाश होता. मी दुकानातून घरी आले तर त्या मोरीपाशी बसलेल्या, अंग घामानं भिजलेलं. "डोळ्यापुढं अंधारी आली गं." त्यांना गूळ भरवताना माझ्या हातून निम्मा खाली सांडला. तेच हात, मामा, ज्यांचं तुम्हाला एवढं कौतुक!

जरा हुशारी आल्यावर मी म्हणाले, "आत्ती, आता घड्याळ द्या."

"उघडू नगंस ते. बंद पडलं तर?"

"आवं, मामांनी शिकवलंय मला."

"शिकवलंय, व्हय. पर चुकलं तर सांगायला ते हायेत का?"



शेवटी दिलं त्यांनी, तेही पदरानं पुसून. मी उघडलं. ती केसासारखी बारीक स्प्रिंग बघितली. तिचे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले. वेढे चिकटले की स्प्रिंग आखूड होते आणि घड्याळ पळतं, हे तुम्हीच शिकवलेलं. तेलकटपणा असेल म्हणून पेट्रोलनं धुतलं, चाल कमी-जास्त करायची पट्टी जराशी मंदकडं सरकवली. बरं चाललं. काट्यांना मात्र आत्ती हात लावू देईनात, म्हणून गोळी मीच वेळेवर द्यायला लागले. आत्तींनी हातात घातलं आणि काही दिवसांत पुन्हा तेच! पुन्हा धुतलं. पुन्हा पळालं.

तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते, मामा. इतकी वर्षं शेजारी बसवलंत, सगळं शिकवलंत, मग नेमकं हेच सांगायचं कसं राहिलं? एवढी कसली घाई होती जायची?

दोन आठवड्यांपूर्वी बाजारच्या दिवशी सुटे पैसे न्यायला मी अवेळी घरी आले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला.

"अरं सुरेश, आज तुझ्या आईनं वांगी केली हुती. लय ग्वाड झालीती. तू यायला पायजे हुतास गड्या."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. क्षणभर वाटलं, आहात की! जेवून उठलाय, आता सुपारी मागाल.

तुम्ही सुरेशला फोनवर बोलून पाठवायचात ना, टाइप करायचा कंटाळा म्हणून, ते सगळं त्यानं आत्तींच्या फोनवर घालून दिलंय. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून एक गोल स्पीकरही आणून दिलाय. आत्ती खाटेवर डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर तो स्पीकर, स्पीकरवर तुमचं घड्याळ, आणि घड्याळावर त्यांचा तळवा.

आणि मला तुमचं ओरडणं आठवलं. मी फोन टेबलावर ठेवला की तुम्ही खेकसायचात, "लांब ठेव ते! चुंबक लागतं घड्याळाला." मला वाटायचं, तुम्हाला फोनच आवडत नाही! सांगितलं होतंत की हो तुम्ही. मीच धड ऐकलं नव्हतं. स्पीकरमध्ये तर केवढं चुंबक असतं.

पण हे आत्तींना सांगायचं कसं? तुमचा आवाज ऐकू नका, असं का म्हणायचं? मी शेजारी बसले आणि जसं आहे तसं सांगितलं. त्यांनी घड्याळ स्पीकरवरून उचललं. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यांचा आवाज आला की ह्ये पळत हुतं व्हय?" आणि हसल्या, मामा! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. एवढ्या वर्षांत डबा द्यायला पायरीपर्यंतच यायच्या, आत कधी बसल्या नव्हत्या. तुमच्या चुंबक उतरवायच्या यंत्रावरून मी घड्याळ फिरवलं. पाठ उघडली. स्प्रिंगचे वेढे सुटे, मोकळा श्वास घेतल्यासारखे हलत होते. पट्टी सरकवून पुन्हा तुम्ही ठेवली होती तिथंच आणली.

"मला दाव की," आत्ती म्हणाल्या. मी भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं. बराच वेळ त्या वाकून बघत होत्या.

"एवढं बारीक बघायचे व्हय दिवसभर?"

"व्हय आत्ती."

त्यांनी भिंग काढलं. डोळ्यातून पाणी येत होतं, ताणानं की कशानं, कुणास ठाऊक. "घरी आले की डोळं मिटून गप पडायचे. मी म्हणायची, सगळ्या जगाशी बोलता, माझ्याशीच तेवढं बोलायला न्हाई तुमाला. लय बोलली गं मी त्यावरनं. ते दमायचे व्हय? मग सांगायचं न्हाई एकदा?"

का नाही सांगितलंत, मामा? एका वाक्याचं तर काम होतं.

काटे मात्र मी लावले नाहीत. किल्ली ओढून दिली आणि त्यांची बोटं तिच्यावर ठेवली. "मागं घ्या आता." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "किती मागं न्यायचं गं?"  मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं फक्त.

आता आत्ती रोज दुपारी येऊन बसतात. स्पीकर घरी खिडकीत असतो, घड्याळ हातात. गिऱ्हाईक नसलं की मला विचारतात, "इथं ते काय बोलायचे गं? कुणाशी हसायचे? चा कवा प्यायचे?" मी सांगते. तुम्ही स्क्रू सापडला नाही की स्वतःलाच शिव्या द्यायचात तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरात तर कधी शिवी दिली न्हाई."

मामा, आत्तींच्या वाट्याला तुमच्या दमलेल्या संध्याकाळी आल्या. तुमचे दिवस मात्र माझ्या शेजारी गेले. वचन देते, त्यातलं जे जे आठवेल ते रोज थोडं थोडं त्यांना देत राहीन. अगदी तुम्ही माझ्यावर रागावायचात तेसुद्धा. काही मागं ठेवणार नाही.

तुमची सून,
वंदना