तिरक्या पट्टीची ढाल

१३ जानेवारी १९९१

सापडला! एवारिस्तला हवा होता तसा ड्यूक सापडला. आणि शोधला कोणी? मी. चार हिवाळे क्वेबेकला जाऊन जुन्या नोंदींच्या फिल्मच्या यंत्रासमोर डोळे मी फोडले, आणि घराण्याच्या पुस्तकावर नाव भावाचं, एवारिस्तचं येणार.

आमच्याकडे वंशावळ लग्नांवर चालते. चर्चच्या विवाहनोंदीत नवरा-नवरीच्या आईबापांची नावं असतात. मग त्या आईबापांचं लग्न शोधायचं, मग त्यांच्या आईबापांचं. पायरी पायरीने मागे. ज्याचं लग्न नाही तो त्या जिन्यावर नाहीच. बारा लग्नांनंतर फ्रान्सहून जहाजातून आलेली आमची पहिली पूर्वज, पेरेत. तिच्या बापाच्या फ्रान्समधल्या कागदांवरून थेट तेराव्या शतकातला मोरवालचा ड्यूक.

फोनवर एवारिस्त रडला. आईच्या दफनाला नव्हता रडला.

२० जानेवारी

आज त्याला खरी मेख सांगितली. आमची ओळ ड्यूकच्या ज्या मुलापासून उतरते, तो गोतिए, लग्नाच्या बायकोचा नव्हे. वाड्यावरच्या धोबिणीचा. वाटलं, आता चेहरा उतरेल. छे!

"अगं क्लोतिल्द, ड्यूकचं रक्त ते ड्यूकचं रक्त! त्यात कसला कमीपणा? बापानं आपला म्हटला, ढाल दिली. आणखी काय हवं?"

ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह, दिली खरी. पण अनौरस म्हणून तिच्यावर तिरकी काळी पट्टी. एवारिस्त ती ढाल टोप्यांवर भरून घेणार आहे, पट्टीसकट! ऑगस्टमधल्या घराण्याच्या मेळाव्यासाठी दोनशे टोप्या. वहिनी म्हणते, "पट्टी चांगली उठून दिसू दे हं."

मी वाटाण्याचं सूप गिळत बसले.

२१ जानेवारी

सातशे वर्षं जुना तो बाब्या, माझं ते कार्टं.

२ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. तेहेतीस वर्षं कुठेही लिहिलं नाही.

१९५८. मी एकोणीस वर्षांची. याच एवारिस्तने मला ट्रकमध्ये घालून शहरातल्या नन्सच्या घरी नेऊन सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलला — "गावात सांगितलंय, तू आजारी मावशीकडे गेलीस." आम्हाला मावशीच नाही. गावाला माहीत होतं की मावशी नाही. तरी सगळे विचारायचे, मावशी कशी आहे!

मुलगा झाला. १४ मार्च. बाळंतपणाच्या बदल्यात सहा महिने तिथेच दुपटी धुतली, सगळ्यांच्या बाळांची. त्यामुळे रोज दिसायचा. नावं नन्सच ठेवायच्या, आडनावासकट. पाळण्याच्या कार्डावर होतं: आंब्रॉज व्हिल्मूर. आईबाप अज्ञात.

अज्ञात! मी समोर उभी होते, हातात बादली घेऊन.

सप्टेंबरात घरी आले. आईने विचारलं, "जेवलीस?" त्यानंतर कधीच काही नाही.

१७ फेब्रुवारी

एवारिस्त मजकूर सांगतो, मी टाइप करते. आज आमची पिढी. स्वतःबद्दल दीड पान. मग माझं आलं. "लिही — क्लोतिल्द, जन्म १९३९, अविवाहित, निःसंतान."

पापणीसुद्धा लवली नाही त्याची. विसरलाय की काय? विसरला असेल तर ते जास्त वाईट.

मी टाइप केलं. माझ्याच बोटांनी.

६ मार्च

चार वर्षं मेलेल्यांच्या नोंदी चाळल्या. जिवंताची का नाही चाळली? भीती वाटत होती, दुसरं काय.

आज छापील विवाहसूच्या काढल्या. 'व्ह'खाली. तिसऱ्या खंडात — व्हिल्मूर, आंब्रॉज. लग्न १९८१. आईबाप अज्ञात. नदीपलीकडचं गाव, फेरीबोटीने दोन तास! दोन तासांवर होता. टेलिफोनच्या पुस्तकात पत्तासुद्धा आहे.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "काय, आणखी एक ड्यूक मिळाला का?" मी हो म्हटलं.

१४ मार्च

आज त्याला तेहेतीस पूर्ण. पान २१२ पुन्हा टाइप केलं. 'निःसंतान' काढलं. 'एक मुलगा, आंब्रॉज' घातलं.

३० मार्च

एवारिस्तने पान पाहिलं. आधी खिडकी लावली, मग दार.

"हे आत्ताच्या आत्ता काढ. लोक काय म्हणतील?"

"धोबिणीच्या पोराला तू टोपीवर बसवलंस. माझा निदान पानावर असू दे."

"ती गोष्ट वेगळी! तो ड्यूकचा होता."

"आणि हा माझा आहे."

त्याने खिडकीची कडी पुन्हा तपासली. मग म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठी केलं होतं, क्लो." लहानपणी क्लो म्हणायचा. त्या हाकेने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, याचाच राग आला.

२२ मे

मेळाव्याची निमंत्रणं टाकली. त्याच्या यादीत एकशे ब्याऐंशी घरं. पेटीत पाकिटं टाकली एकशे त्र्याऐंशी. जास्तीच्या पाकिटात वेगळं काहीच लिहिलं नाही. तीन मसुदे केले होते, तिन्ही चुलीत घातले. नुसतंच छापील: 'आपल्या घराण्याच्या मेळाव्यास सहकुटुंब यावे.' खोटं तर काही नाही त्यात.

११ जून

पुस्तकं छापून आली. सोनेरी अक्षरं, वर ढाल. पान २१२: निःसंतान. छापखान्यात स्वतः जाऊन बदलून आला होता. मला माहीत होतं तो हेच करणार. तरी सगळ्यात आधी तेच पान उघडलं. मूर्ख बाई!

वर एक प्रत दिली मला. सहीनिशी — "माझ्या मदतनीस बहिणीस."

२ जुलै

निमंत्रणांची उत्तरं मोजायचं कामही माझ्याकडेच. आजच्या टपालात एक चिठ्ठी:

व्हिल्मूर. चौघे येणार. दोन मोठे, दोन लहान. खाली पेनने, डावीकडे कललेल्या अक्षरात — "आनंदाने येऊ. पण आमचं आपल्याशी नातं कुठून लागतं, ते कळवाल का?"

चार टोप्या बाजूला काढून ठेवल्या.