सात पाचचा राग

२ फेब्रुवारी, सोमवार
'ओळखा राग' ग्रुपवर नीलम मॅडमचा फतवा. वर्षभरात ज्याचं एकही उत्तर बरोबर आलं नाही, त्याला पंधरा तारखेला 'फक्त श्रोते' ग्रुपात हलवणार. नाव घेतलं नाही. पण असा सभासद एकच आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. मुलुंडला गाण्याचा क्लास आहे म्हणून एवढा माज? गिरणीच्या भजन मंडळात मी तीस वर्षं झांज वाजवली. पुढच्या रांगेत.
निश्चय : पंधराच्या आत एक उत्तर बरोबर. एक कशाला, चार.
सहा वाजले. मोबाइलचं नेट बंद. आता सकाळी सातलाच चालू. किरणांनी डोकं तापतं. सून श्रुतिका म्हणते, बाबा, तुमचं डोकं किरणांनी नाही तापत.

४ फेब्रुवारी
आजचं कोडं : यमनचा वादी कोण? मी कळवलं, आधी प्रतिवादीचं नाव जाहीर करा, दोन्ही बाजू ऐकून मग बोलेन. गिरणी बंद झाल्यावर सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, मला शिकवू नका. मॅडमनी हसणारी तोंडं पाठवली. आठ.
उत्तर म्हणे गंधार. श्रुतिका म्हणाली, बाबा, तो सूर आहे, 'ग'. मग 'ग' म्हणायला जीभ झिजते?

७ फेब्रुवारी
किल्ली सापडली! प्रत्येक रागाची वेळ ठरलेली असते. श्रुतिकाने यादी छापून दिली. मॅडम शिस्तीची बाई, ज्या वेळचा राग त्या वेळीच टाकणार. म्हणजे कान नकोतच, घड्याळ पुरे. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. बोरिवलीच्या त्या मुकुलची बावीस उत्तरं बरोबर आहेत. कॉपी करत असणार.

१० फेब्रुवारी
कोडं दुपारी एकला आलं. घड्याळ तयार, मी तयार. यादी गायब. रत्नप्रभाने तिच्यावर तळलेली सुरमई काढून ठेवलेली. सकाळ शाबूत, रात्र शाबूत, दुपार तेलात. संसार पंचेचाळीस वर्षांचा, पण बाईला शास्त्रीय संगीताची किंमत नाही.
भांडलो. जेवलो नाही. सुरमई तेवढी खाल्ली.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०
नेट लावलं आणि शेवटचं कोडं हजर. वेळ बघितली, ७.०५. ताजं! ऐकलं आणि अंगावर काटा आला. आमचे बुवा याच चालीत गजर घ्यायचे. रत्नप्रभा भाकरी थापता थापता आतून ओरडली, अहो, ह्यो तर तुमच्या मंडळाचो भूप!
मीही भूप लिहिलं. पाठवणार, एवढ्यात यादी आठवली. भूप रात्रीचा. तेच पाच सूर सकाळी आले की देशकार, यादीत तशी टीपच आहे. मॅडमनी सापळा लावलाय! भूप खोडला, देशकार लिहिलं. खाली लिहिलं, असल्या फसवणुकीला मी भुलत नाही. रत्नप्रभाला सांगितलं, तू भाकरी बघ.

७.४०
उद्या सत्कार झालाच तर दोन शब्द बोलावे लागतील. मुकुलचा उल्लेख टाळायचा.

१५ फेब्रुवारी, रविवार
उत्तर भूप!
मॅडमना फोन लावला. सकाळी भूप टाकता? शास्त्राचा खून करता? बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काका, मी तेरा तारखेला संध्याकाळी सात पाचला टाकला होता. तुम्ही भजनातले, भूप नक्की ओळखाल, म्हणून मुद्दाम तुमच्यासाठी.
फोन ठेवून पाहिलं. ७.०५ च्या पुढे बारीक पीएम आहे. एवढं बारीक लिहितात?

दुपारी
'फक्त श्रोते' ग्रुपात टाकलं. सभासद दोन, मॅडम आणि मी. खरमरीत निषेध लिहिला. जाईना. इथे म्हणे फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं.
घरात कुणाला बोललो नाही. जेवायला वाढताना रत्नप्रभा म्हणाली, हरलात? कशावरून, म्हटलं. म्हणाली, पंचेचाळीस वर्षां तुमचो राग वळखतंय. सकाळचो नि सांजचो.

सहा वाजले. नेट चालूच ठेवलं आहे. सात पाचला काही आलं तर.