देवाला दाखवलेला सिनेमा

प्रिय लामदुआन ताई,

तुझं पत्र मिळालं. हा हंगाम संपला की फड सोडणार, नायिकेचा मुकुट मालकीणबाईंच्या हातात परत देणार आणि घरी येणार, असं तू लिहिलंस. आई तुला घराचा जिना चढू देईल का, एवढंच मी तिला विचारायचं होतं. मी विचारणारही होतो. आईसमोर माझी जीभ अडखळते म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती. पण काल संध्याकाळी जे पाहिलं त्यानंतर त्यातलं एकही वाक्य कामाचं उरलं नाही. मला अजून खरं वाटत नाही, ताई. आज दुकानात एका सायकलचं चाक मी उलटं बसवलं. जोडीला काम करणाऱ्या थोंगयोतनं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "बस जरा. तुला भूत दिसलंय का?" भूत दिसलं असतं तर मी कमी घाबरलो असतो. क्रमानं लिहितो, म्हणजे मलाही नीट कळेल.

काल आईनं सांगितलं, मावशीच्या गावात कुणीतरी वारलंय, मी तिकडे जाते, तू जेवून झोप. मी बरं म्हटलं. दुपारी थोंगयोत सांगत आला की नोंगसेंग गावच्या राखणदार पूताच्या देवळासमोर सिनेमा लागणार आहे. कुणाचा तरी नवस फिटला होता. "चल, देवाच्या जिवावर आपणही बघू." गेल्या जत्रेनंतर मी कुठेच गेलो नव्हतो. मला गर्दी नको वाटते, परत यायला उशीर होईल असं वाटतं, दुकानाचं कुलूप नीट लागलं नाही असंही वाटतं. काल मी कुलूप परत ओढून बघायला गेलो तेव्हा तो ओरडला, "अरे, तू इतकं ओढतोस की तुझ्याच हातात येईल एक दिवस!"

सायकलवर बसल्यावर मला आपले जुने दिवस आठवले. वर्षातून एकदोनदाच आपण असं बाहेर पडायचो. एक तो औषधवाल्याचा सिनेमा दाखवणारा ट्रक. ऐन मारामारीत सिनेमा थांबवायचा आणि पोटदुखीच्या गोळ्या विकायचा. आई गोळ्या घ्यायची नाही, पण त्याच्याशी भांडायची, "आधी त्या बिचाऱ्या पोरीला सोडव, मग माझ्या पोटाचं बघ!" आणि दुसरी जत्रेतली मोरलामच्या नाचगाण्याच्या खेळाची रात्र. त्या दिवशी आई वेगळीच बाई व्हायची. दुपारीच चिकट भाताची टोपली भरायची, केसांना तेल लावायची आणि चटई काखोटीला मारून सगळ्यांच्या आधी जाऊन रंगमंचापुढची जागा धरायची. आपण दोघं तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जाग यायची तेव्हा उजाडलेलं असायचं, बांबूचा खेन वाजत असायचा आणि आई रंगमंचाखाली उभी राहून हात फिरवत नाचत असायची. मागावर बसली की वर्षभर तीच गाणी गायची. तू गायला शिकलीस ती तिच्याच मागाजवळ बसून.

आणि तू फडाबरोबर गेलीस त्या दिवशी तिनं ती चटई गुंडाळून आढ्याला बांधून टाकली. तुला मी तेव्हा कळवलं होतं. पण सगळं कळवलं नव्हतं. तिनं गाणं बंद केलं. जत्रा आली की दार लावून घ्यायची. एकदा शेजारच्या रेडिओवर मोरलाम लागलं तर हातातलं काम टाकून विहिरीकडे निघून गेली. शेजारची खियन आजी जिन्याखाली उभी राहून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "बुन्होम, तुझी पोरगी पिसं लावून नाचते म्हणे!" आई विड्याची पिंक टाकायची आणि आत जायची. तिला तुझी लाज वाटते असं गावाला वाटलं. तुला वाटलं. मी त्याच घरात राहतो, मलाही तेच वाटलं. आईनं तुझा खेळ बघायला यावं असा तू तीन जत्रांना निरोप पाठवलास आणि तिन्ही वेळा मी तुला एकच उत्तर लिहिलं, आई येणार नाही.

आम्ही नोंगसेंगला पोचलो तेव्हा पडदा बांधून झाला होता. भातलावणीचे दिवस असल्यानं माणसं फार नव्हती. पडद्यासमोर पूतासाठी नेहमीसारख्या लाल कापडाच्या खुर्च्या मांडलेल्या, रिकाम्या. थोंगयोत भाजक्या माकुळाच्या गाडीकडे गेला. मी मागे उभा राहिलो. खुर्च्यांच्या बाजूला एक बाई एकटीच चटईवर बसली होती. पाठ ताठ, केसांना तेल. चटईचा एक कोपरा जळलेला होता. ताई, तो कोपरा तुझ्या हातून मच्छरांची अगरबत्ती पडून जळला होता. आधी मी चटई ओळखली आणि मग आई.

माझ्या मनात आलं ते तुला सांगतो. मला वाटलं, आईला वेड लागलं. मावशीकडे मयताला गेलेली बाई इथे केसांना तेल लावून सिनेमाला बसली आहे! मी गाडीच्या आडोशाला झालो. तेवढ्यात सिनेमावाल्यानं भोंगा सुरू केला. नवस कुणाचा आणि कशाचा हे देवाला सांगितल्याशिवाय ते यंत्र सुरू करत नाहीत, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "पूता, ऐक. हा सिनेमा तुला बुन्होमबाईंकडून. त्यांनी मागितलं होतं की मुलगी लामदुआन फडाची नायिका व्हावी. ती होईपर्यंत त्यांनी स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट सोडली होती. मोरलाम बघणार नाही, ऐकणार नाही, गाणार नाही. मुलगी नायिका झाली. बाईंनी शब्द पाळला. आता त्यांना मोकळं कर."

मी गाडीचा दांडा घट्ट धरला. माकूळवाला म्हणाला, "ए बाबा, जळशील, निखारे आहेत!" थोंगयोत तोंडात घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत होता. लामदुआन म्हणजे तू, हे त्यालाही कळलं होतं. समोर आई वाकली, कपाळ जमिनीला टेकवलं आणि पुन्हा ताठ बसली. सिनेमा सुरू झाला. त्यात काय होतं ते मला विचारू नकोस. मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी आईला हसताना बघत होतो. एका जाड्या पोलिसाच्या डोक्यावर मडकं पडलं आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की पुढची माणसं मागे वळली.

मग रीळ बदलायची वेळ झाली. सिनेमावाला मध्ये वेळ जाऊ नये म्हणून कॅसेट लावतो. त्यानं लावली. खेन वाजला आणि तुझा आवाज आला. तुझ्या फडाची नवी कॅसेट होती ती. आईनं ती मागितली होती की त्यानंच ठरवून लावली, मला माहीत नाही. आई जागच्या जागी गोठली. तू घरातून गेलीस तेव्हा तुझा आवाज बारीक होता, आता भरला आहे. तिनं तो कधीच ऐकला नव्हता. मग ती उठली, त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर, कोऱ्या पडद्यापुढे उभी राहिली आणि हात फिरवत नाचू लागली. एकटीच. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं टाळ्यांचा ठेका धरला, बस्स.

रीळ लागल्यावर ती परत येऊन बसली आणि मागे न वळता म्हणाली, "गाडीमागे लपून काय उभा आहेस? चप्पल काढ आणि चटईवर ये." मी जाऊन बसलो. मी म्हटलं, आई, तू मावशीकडे गेली होतीस ना? तर म्हणे, "आपल्या गावच्या पूतासमोर नवस बोलले असते तर खियनला तो आधीच कळला असता." मी विचारलं, निदान मला तरी सांगायचं. ती म्हणाली, "नवस फिटण्याआधी तोंडातून बाहेर काढायचा नसतो. इतकंही शिकवलं नाही का मी?" मग मी धीर करून विचारलं, ताईला वाटलं तू रागावली आहेस, त्याचं काय? आईनं भाताची टोपली पुढे ओढली. पडद्यावर कुणीतरी गोळ्या झाडत होतं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं एकदोन वर्षांत होईल. तिचा आवाज काय कमी होता? रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, मी सांगितलं आणि त्यामुळे तिचं राहिलं तर?" एवढं बोलून तिनं मला टोपलीतला भात दिला. गिरणीच्या भिंतीवरच्या फडाच्या जाहिरातीत मधोमध, नायिकेच्या जागी, तुझा चेहरा दिसला त्याच दिवशी ती नोंगसेंगला जाऊन सिनेमा ठरवून आली होती. घरी परतताना माझ्या सायकलच्या मागे बसून तिनं मला एकच गोष्ट विचारली, "तो मुकुट फार जड असतो का रे? तिची मान लहानपणापासून दुखते."

ताई, तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी तिला सांगितलं नाही. मला तू घरी हवी आहेस. शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी कामाचंही विचारून ठेवलं होतं, कारण रात्री या घरात दोघंच असतो आणि दोघंही बोलत नाही. पण काल रात्रीपासून आई गाते आहे. आत्ता हे लिहिताना मागाचा आवाज आणि तिचं गाणं दोन्ही येतंय, आणि मला सारखी भीती वाटते की माझं पत्र पोचायच्या आत तू मालकीणबाईंकडे गेलीस तर? म्हणून हे घाईनं लिहिलं. एरवी मी एवढ्या घाईत लिहीत नाही. ताई, मुकुट परत देऊ नकोस. जिना चढायचं विचारलंस ना? तो चढायला तुला काहीही सोडून यावं लागत नाही. सोडायचं होतं ते आईनं केव्हाच सोडलं होतं. आता जत्रेला तुमचा फड आपल्याकडे आला की रंगमंचापुढे बघ. दुपारपासूनच जागा धरलेली असेल. चटईचा एक कोपरा जळलेला आहे, तेवढ्यावरून ओळख.

तुझाच धाकटा,
कामपून