अख्खी सतरंजी

आई, महिन्यापूर्वी इथे दिल्लीत, सरोजिनी नगरला मी एका मोठ्या साहेबाशी भांडलो. साहेब म्हणजे आमचे काका. त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची मराठी प्रार्थनासभा भरायची, ते रिटायर झाले. दिल्लीतच, पार द्वारकेला मुलाकडे राहायला निघाले होते. सभेनंतर चहा पिताना म्हणाले, "सहा माणसं उरलीत, यार. बंद करू. मोठ्या चर्चला जा सगळे. तिथे एसी आहे, पडद्यावर गाणी दिसतात." सगळे कपात बघत बसले. मी म्हणालो, "बंद नाही करायची. माझ्या खोलीवर भरवू, गाझियाबादला." काका हसले. "तू? नववी नापास, वर्षात तीन नोकऱ्या सोडल्यास. तू सभा चालवणार?" काकू मध्ये पडल्या, "अरे, तुझ्या खोलीत उभं राहायला तरी जागा आहे का?" मी म्हटलं, "नाही ना काकू. म्हणून तर बसू." काकांना काही हसू आलं नाही. "सहा माणसांसाठी एवढा हट्ट कशाला?" त्यांना काय सांगणार? मी दोन माणसांची सभा बघितलीय.

तेव्हाची, गावाकडची एक बुधवारची दुपार आहे. तू चर्च झाडून-पुसून आलीयेस, हाताला फिनाइलचा वास. दर बुधवारी आपल्या ओसरीवर तुझी सभा. आज दोनच म्हाताऱ्या आल्यात, त्यातली एक ठार बहिरी. मी, शाळा सोडून घरी बसलेला घोडा, सतरंजी दुमडून अर्धीच अंथरतो. तू बघतेस. "उलगड." "दोनच तर आहेत." "दोन आल्यात. बाकीच्यांची जागा दुमडणारा तू कोण?" मी म्हणतो, "तुझ्या सभेला देवसुद्धा जांभई देत असेल." तू मारत नाहीस. सतरंजी पूर्ण उलगडायला लावतेस, मला त्या दोघींबरोबर खाली बसवतेस आणि गायला लागतेस. बहिरी म्हातारी सरकत सरकत तुझ्यामागे येते आणि तुझ्या पाठीवर तळहात ठेवते. गाणं तिला तिथून कळतं. तिचे ओठ तुझ्याबरोबर हलतात, एखादा शब्द मागेपुढे.

तू गेलीस आणि पुढच्याच वर्षी चर्चची स्मरणिका निघाली. पाळकसाहेब, पंच कमिटी, पंखे देणारे, सगळ्यांचे फोटो. तू नाहीस. छापणाऱ्याची चूक नव्हती, कुणाला आठवलंच नाही. मला अजून राग आहे आणि तो मी सोडणार नाही. तुझ्या मातीला ती बहिरी म्हातारी भर उन्हात चालत आली होती. सगळे गात होते आणि ती तुझ्या शवपेटीवर तळहात ठेवून उभी होती. कुणीतरी "आजी, बाजूला व्हा" म्हणालं. तिला ऐकूच गेलं नाही. बरं झालं.

आज पहिल्यांदा माझ्या खोलीवर सभा होती. काकांनी क्वार्टर सोडताना तिथली सतरंजी माझ्या अंगावर टाकली होती. "घे. फ्लॅटमध्ये टाइल्स आहेत, हिला तिथे कोण विचारतो." ती माझ्या खोलीहून मोठी निघाली. एक कड खाटेखाली गेली, दुसरी भिंतीवर चढली. दारातून शेजारी डोकावला, "क्या भाई, शादी है क्या?" मी म्हटलं, "बिल्कुल. तू भी आ जा." तो हसत गेला. दहा वाजले, अकरा वाजायला आले. कोणी नाही. बायबल उघडून बसलो, पण एकट्याने मोठ्याने वाचायची लाज वाटत होती. तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. काकू. द्वारकेहून मेट्रोत बसून एकट्याच आल्या होत्या.

"सलाम," त्या सभेतल्या नेहमीच्या रीतीने म्हणाल्या. "काका नाही आले. हे काय रे, पाय अडकतोय, दुमड ना थोडी."

"नाही."

"हट्टी आहेस."

"आहे."

मी अडखळत वाचलं. काकूंनी एकदाही मला थांबवलं नाही. गाणं दोघांनी म्हटलं, सूर त्यांचा, आवाज माझा. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी?" मी म्हटलं, "आहे. तुम्ही नाही आलात तरी आहे."

हे पत्र कुठे टाकणार? भिंतीवर चढलेल्या कडेमागे सारून ठेवतोय. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या बुधवारी तू डोळे मिटून प्रार्थना करत होतीस ना, तेव्हा मी माझ्याकडची कड पायाने हळूच परत दुमडली होती.