चपलांची रांग

३ जून
आले एकदाची! दवाखाना लहान, पण मला राहायला दिलेली मागची खोली ऐसपैस. खिडकीतून व्हरांडा दिसतो. सरकारी योजनेमुळे तपासणी, औषधं सगळं फुकट, म्हणून गर्दी ही एवढी. पण रांगेत माणसं नसतातच, चपला असतात! त्या ओळीने काढून ठेवायच्या आणि आपण झाडाखाली गप्पा छाटायच्या. झाडलोटीच्या मावशींनी बजावलं, चपला काढल्या की नंबर लागला, मग तपासल्याशिवाय सोडायचं नाही. शिकले नर्स व्हायला, झाले चपलांची राखणदार.

१९ जून
योजना बंद. औषधं येणार नाहीत. डॉक्टर रजेवर गेले ते गेलेच; मावशींच्या मते रजा कसली, पोबारा. मला कुणी काही विचारलंच नाही. शिंपीकाकांना रोज इन्शुलिन लागतं, बाहेरचं झेपत नाही. सोमवारी या, तुमचा पहिला नंबर, असं सांगून बसले. कुठून आणणार होते मी? फार वाईट वाटतंय.

२४ जून
काका काल गेले. आज व्हरांड्यात पहिल्या नंबरला त्यांच्याच चपला, अंगठा शिवलेल्या. घरच्यांनी ठेवल्या असतील. दिवसभर इकडे चिटपाखरू नाही. बोलायला माणूस नाही. शेवटी सवयीने हाक मारली, पुढचे या. निदान स्वतःचा आवाज तरी.
तपासणीच्या खोलीत स्टूल करकरलं.

२६ जून
चपला वाढल्यात. दमेकरी आजीच्या, खोकणाऱ्या गवंड्याच्या — सगळे औषधाविना गेलेले. मावशी झाडू न्यायला आल्या, सवयीने ओळीच्या शेवटी चपला काढून तपासणीच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्याच नाहीत. खोली रिकामी. चपला तिथेच —
दादाला फोन केला. घ्यायला ये म्हटलं.

२७ जून
भिंतीपलीकडे खोकतात. सिस्टर, अजून किती वेळ, असं विचारतात — अगदी अदबीने. मावशींचाही आवाज आहे त्यात. बाहेरची वाट त्यांच्यातूनच. फोन बंद पडलाय. दादा निघालाही असेल. त्याला चपलांचं सांगायचं राहिलं —

२८ जून
दादा आलाय. व्हरांड्यात. खिडकी उघडत नाही, काच बडवतेय, त्याला ऐकू जात नाही. हात हलवून हसला. आत पेशंट आहेत असं वाटलं असेल त्याला, थांबलाय बिचारा — वाकतोय — वहीच काचेला लावते, मोठ्या अक्षरात —
दादा, चपला काढू नकोस. मला इथेच सोड. पळ, मागे वळून —